जंताचं औषध वेळेवर पाजलं, तरी हे जंत आले कुठून?

प्रश्न: आमचं घर कुडाळ तालुक्यात, ओढ्याच्या काठी. दोन बैल, एक गाय, सहा शेळ्या आणि एक कुत्रा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना न चुकता जंताचं औषध पाजतो. तरीही गणपतीनंतर एका पाटीचे, म्हणजे तरण्या शेळीचे, मागचे पाय एका रात्रीत गेले. खाते-पिते, पण कमरेतून उठत नाही. थोरल्या बैलाच्या वशिंडावर तीन वर्षांपासून जखम आहे, दर पावसाळ्यात चिघळते. आणि आता कुत्र्याच्या रक्तात जंत सापडले. घरात चार वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे घरचे म्हणतात कुत्रा सोडून या. डास-माश्यांमुळे जंत होतात असं एकाने सांगितलं. हे खरं आहे का, आणि आम्ही कुठे चुकलो?

उत्तर: खरं आहे. आणि औषध पाजण्यात तुम्ही चुकलेला नाहीत. तुम्ही पाजता ते औषध ज्या जंतांसाठी आहे, ते जंत हे नव्हेत.

आपण ज्याला रोजच्या बोलण्यात जंत म्हणतो ते आतड्यातले. त्यांची अंडी शेणातून, लेंड्यांतून पडतात, ओल्या गवतावर अळ्या चढतात आणि चरताना तोंडावाटे परत पोटात जातात. त्यांच्यासाठी पातळ औषध तोंडातून पाजायचं, हे बरोबरच आहे, ते चालू ठेवा. पण गोलकृमींचं आणखी एक कूळ आहे, ज्यांचा शेणाशी नि चाऱ्याशी काही संबंध नाही. सुतासारखे बारीक, लांबट, म्हणून यांना सूत्रकृमी म्हटलेलं शोभतं. हे राहतात कातडीत, डोळ्यात, पोटाच्या पोकळीत, रक्तवाहिनीत, आणि एका जनावरातून दुसऱ्यात जायला त्यांना डास, माशी, पिसू असा एखादा कीटकच लागतो. तुम्ही सकाळी औषध पाजलंत आणि त्याच संध्याकाळी डास चावला, तर नवी अळी आत गेलीच.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डास म्हणजे एका अंगातलं रक्त दुसऱ्या अंगात टोचणारी नुसती सुई नव्हे. यातल्या बहुतेक जंतांची मादी अंडी घालत नाही, सूक्ष्म पिल्लं सोडते. ती रक्तात किंवा कातडीत फिरत राहतात आणि चावणाऱ्या डासाच्या पोटात जातात. त्याच्या अंगात ती दोनदा कात टाकतात, मोठी होतात, आणि मगच डासाच्या सोंडेपाशी येऊन थांबतात. कुत्र्याच्या जंताला या सगळ्याला उबदार हवेत साधारण 10 ते 14 दिवस लागतात. म्हणजे आज कुत्र्याला चावलेला डास उद्या कोणाला चावला तर काही होत नाही. तो डास दोन आठवडे जगला, तरच धोका.

आता आपल्या कोकणाकडे बघा. हवेची सरासरी 14 अंशांच्या खाली गेली की ही अळी डासाच्या पोटात वाढायची थांबते. आपल्याकडे तशी थंडी टिकतच नाही. कोरड्या उन्हात डास लवकर मरतो, दमट हवेत जास्त दिवस जगतो. खाडीकाठ, पोफळीच्या बागा, भाताची खाचरं, जूनपासून चार महिने गळणारं आभाळ, यांमुळे डासाला ते दोन आठवडे सहज मिळतात. घाटावरचा माझा एक पशुवैद्य सहकारी वर्षातून जेमतेम एखादी अशी, मागचे पाय गेलेली शेळी बघतो. मी भाद्रपद-आश्विनात आठवड्याला एक बघते.

हे डासाचं कोडं पहिल्यांदा सुटलं तेही याच कुळातल्या जंतामुळे. माणसाच्या हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं 1872 साली कलकत्त्यात टिमथी लुईस यांनी रक्तात पाहिली, आणि 1877 मध्ये चीनमधल्या अमोय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासाच्या अंगात वाढताना पाहिली. कीटक रोगाचा जंतू अंगात वाढवतो हे तिथून कळलं. मलेरियाचं गूढ त्यानंतर वीस वर्षांनी उकललं. सिंधुदुर्गात हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या, त्यामुळे अनेक जण मला विचारतात की गुरांमुळे, कुत्र्यामुळे हत्तीरोग होतो का. आपल्याकडच्या हत्तीरोगाचा जंत फक्त माणसात वाढतो. तो डासही वेगळा, घराभोवतीच्या गटारातला. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

आता तुमची पाट. तिच्या दुखण्याचं मूळ बहुधा तुमच्या धडधाकट गाई-बैलांत आहे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल.

गाई-म्हशींच्या पोटाच्या पोकळीत, म्हणजे आतड्यांच्या आत नव्हे तर बाहेर, सेटारिया नावाचे पांढरे जंत राहतात. बोटभर लांब, शिवणाच्या जाड दोऱ्यासारखे. सावंतवाडीकडच्या एका वाडीत रात्री म्हशीचं पोट उघडून रेडकू काढायची वेळ आली होती. बॅटरी धरून उभ्या असलेल्या आजोबांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा हात थरथरला, "डॉक्टरीणबाय, ह्यां काय वळवळता?" आतड्यांवर चार-पाच पांढरे दोरे सावकाश सरकत होते. म्हशीला त्यांचा काडीचा त्रास नव्हता. तिचं पोट शिवलं, ती पुढे दोनदा व्याली. गुरांचं आणि या जंताचं फार जुनं जमलेलं आहे.

शेळी, मेंढी आणि घोडा यांच्याशी मात्र त्याचं जमलेलं नाही. गाईला चावलेला डास दोनेक आठवड्यांनी शेळीला चावला की अळी शेळीच्या अंगात शिरते, पण तिला पोटाच्या पोकळीची नेहमीची वाट सापडत नाही. भरकटते आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत किंवा मेंदूत घुसते. ती जिथून जाते तिथली नस फाटते. म्हणून शेळी आदल्या संध्याकाळी उड्या मारत आलेली असते आणि सकाळी मागचे पाय ओढते. ताप नाही, पोट फुगलेलं नाही, डोळे टवटवीत, समोर फणसाचा पाला धरला तर मान लांब करून खाते. तुम्ही लिहिलेलं वर्णन अगदी हेच आहे. डासांचा जोर झाल्यावर काही आठवड्यांनी असे रोगी येतात, म्हणून गणपतीनंतरचा काळही जुळतो. घोड्यातल्या याच दुखण्याला आपल्या देशात कुमरी म्हणतात. माथेरानचे किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरचे घोडेवाले हे वाचत असतील तर त्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं, की पावसाळ्याअखेर घोडा मागून डुलायला लागला तर नाल आणि खूर तपासत दिवस घालवू नयेत.

पण पाय गेले म्हणजे सेटारियाच, असं धरून चालू नका. जिवंत शेळीत हा जंत दाखवणारी सोपी तपासणी माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरकडे नसते. आम्ही बाकीची कारणं एकेक करून बाजूला सारतो. शेळी एकाच बाजूला गोल फिरत असेल तर मेंदूतली गाठ, म्हणजे गिद, असू शकते. ती कुत्र्याच्या पट्टकृमीपासून होते. एक कान लोंबला, तोंड वाकडं, लाळ गळते, तर जिवाणूंचा मेंदूज्वर असू शकतो. त्याला प्रतिजैविकं लागतात, आणि तीही लगेच. कड्यावरून पडली असेल, बोकडाने ढुशी मारली असेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिसाळलेला कुत्रा किंवा कोल्हा चावला असेल तर रेबीजची सुरुवातही मागचे पाय लुळे पडून होऊ शकते. म्हणून पहिले दहा दिवस अशा शेळीच्या तोंडात उघडा हात घालून काहीही भरवू नका. रेबीज झालेलं जनावर लक्षणं दिसल्यावर साधारण तेवढ्या दिवसांत दगावतं. तुमची पाट गणपतीनंतर आजवर खात-पीत आहे, त्यामुळे ती शंका तुमच्यापुरती जवळपास मिटली.

औषधाचं खरं सांगते. पहिल्या दोन-तीन दिवसांत शेळी आली, अजून उभी राहू शकत असली, तर आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक आणि सोबत सूज उतरवणारं औषध देऊन बऱ्याच शेळ्या मी चालत्या झालेल्या पाहिल्या आहेत. थोडी लंगड राहते, पण चरायला जातात. पूर्ण आडवी पडलेली शेळी उठणं अवघड. याचं एक कारण औषधातच आहे. आयव्हरमेक्टिन रक्तातून मेंदूत आणि मज्जारज्जूत फारसं शिरत नाही. म्हणून तर ते जनावराला सुरक्षित असतं, आणि म्हणूनच मज्जारज्जूत बसलेल्या अळीपर्यंत ते नीट पोचत नाही. अळी मेली तरी तुटलेली नस जुळत नाही. तुमच्या पाटीला इतके दिवस झाले आहेत, तेव्हा इंजेक्शनावर इंजेक्शन देत पैसे घालवू नका. तिला पेंढ्याच्या जाड गादीवर ठेवा, दर तीन-चार तासांनी कूस बदला, दिवसातून दोनदा पोटाखालून गोणपाटाची झोळी करून उभी करा, मांड्या चोळा. लघवीने कातडी सडू देऊ नका, कारण अशा शेळ्या शेवटी जंताने मरत नाहीत, अंगाला पडलेल्या जखमांनी मरतात. महिनाभरात मागच्या पायात ओढ धरली नाही, तर पुढचा निर्णय तुम्हालाच घ्यावा लागेल, आणि तो घेताना मनात अपराध वाटून घेऊ नका.

उरलेल्या पाच शेळ्यांसाठी मात्र बरंच करता येतं. त्या गाई-बैलांच्या दावणीला लागून बांधता का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकाच गोठ्यात एका कोपऱ्याला शेळ्या असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आणि पुढे दिवाळीपर्यंत त्यांना वेगळ्या आडोशाला ठेवा आणि त्या आडोशाला चारी बाजूंनी डासांची जाळी ठोका. सगळ्या गोठ्याला जाळी लावणं परवडत नाही, पाच शेळ्यांच्या खोपीला लावणं परवडतं. माझ्या अनुभवात एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका कुठल्याही औषधाने पडलेला नाही. काही जण पावसाळ्यात शेळ्यांना ठरावीक अंतराने आयव्हरमेक्टिन देतात. डॉक्टरांना विचारून, वजन करून दिलं तर त्याचा उपयोग होतो, पण जाळीला तो पर्याय नाही.

आता बैलाचं वशिंड. तुम्ही लिहिता, तीन वर्षं जखम आहे आणि पावसात चिघळते. जुवाने घासून झालेली जखम मानेवर, वशिंडाच्या पुढे असते, आणि जोत सुटल्यावर विश्रांतीने भरते. तुमची जखम वशिंडाच्या बुडाशी किंवा कुशीवर असेल, कडेने कातडी हत्तीसारखी जाड झाली असेल, खपली काढली की खालून पाणी येत असेल आणि बैल ती खांबावर सारखी घासत असेल, तर ती स्टेफॅनोफिलेरिया या बारीक जंताची. हा काही मिलिमीटरचा, कातडीच्या थरात राहणारा. आसाम, ओडिशा, बंगाल, अंदमान अशा दमट मुलखांतल्या गुरांत हा आजार जुना आहे, आणि आपली हवा काही वेगळी नाही. म्हशींत याचाच एक भाऊबंद कानावर जखमा करतो.

याला डास लागत नाही. मस्का कंडुसेन्स नावाची छोटी माशी लागते. घरमाशीची चुलत बहीण म्हणा. ती जखमेवर बसून पाणी चाटते, त्यात जंताची पिल्लं गिळते, तीन आठवड्यांत ती तिच्या अंगात तयार होतात, आणि मग दुसऱ्या बैलाच्या ओरखड्यावर बसली की तिथे उतरतात. ही माशी अंडी घालते ताज्या शेणात. म्हणजे तुमच्या बैलाच्या वशिंडाचं औषध अर्धं तुमच्या शेणकईत आहे.

उरलेलं अर्धं असं. जखमेच्या कडेची खोल खरवड घेऊन तपासून घ्या, कारण तीन वर्षं न भरलेली जखम कधी बुरशीची असते, कधी गाठीची. जंत ठरला की डॉक्टर इंजेक्शन देतील आणि वरून लावायला जंतनाशक मलम देतील. मलम लावण्याआधी खपली कोमट पाण्याने भिजवून पूर्ण उतरवावी लागते. कोरड्या खपलीवर मलम थापणं म्हणजे पत्र्यावर रंग लावून भिंत वाळायची वाट बघणं. वरून माशी बसू नये म्हणून करंजेल लावा. आपल्याकडच्या जुन्या माणसांची ही सवय मला पटते, जंत मारायला नव्हे तर माशी दूर ठेवायला. डांबर, जळकं इंजिन तेल, बॅटरीतलं पाणी मात्र लावू नका. हे तिन्ही मी जखमांवर लावलेलं पाहिलं आहे, आणि त्यातून झालेली नासाडी जंतापेक्षा मोठी होती. उपचार पावसाआधी, मे महिन्यात संपवता आला तर उत्तम, म्हणजे माश्यांचा जोर येईपर्यंत कातडी बंद झालेली असते. आणि तो पुरता बरा होईपर्यंत दुसऱ्या बैलाच्या वशिंडावर रोज हात फिरवा. मुगाएवढी पुटकुळी हाताला लागली तरी दाखवा.

माशी आणत असलेले आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगते, कारण गाय तुमच्याकडे आहेच. एक, डोळ्यातला जंत, थेलाझिया. गुरांचे डोळे चाटणाऱ्या माश्या तो आणतात. एका डोळ्यातून सारखं पाणी, उजेड सहन होत नाही, बुबुळावर पांढुरकं आलेलं. पापणी उलटून पाहिलं तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा पांढरा जंत पोहताना दिसतो. डोळा सुन्न करून सलाइनने धुतला की बहुतेक बाहेर येतात. तंबाखूचं पाणी, मीठ किंवा चुन्याची निवळी घालून आंधळं केलेलं वासरू मी पाहिलं आहे, तेव्हा हात जोडून सांगते, घरी काही घालू नका. दुसरा प्रकार उन्हाळ्यात दिसतो. गाईच्या पाठीवर, खांद्यावर भर उन्हात रक्ताचे थेंब फुटतात, ओघळ येतो आणि वाळून जातो. लोक घाबरतात, कोणी करणी केली म्हणतात, मग देवाकडे गाऱ्हाणं घातलं जातं. तो पॅराफिलेरिया. मादी कातडीला भोक पाडून रक्तात अंडी सोडते, माश्या ते रक्त चाटतात. इंजेक्शनाने बरा होतो.

कुत्र्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्याचं घरात राहणं-न राहणं यावर ठरणार आहे.

रक्तात जंत सापडले, एवढं पुरेसं नाही. कोणत्या जंताची पिल्लं, हे विचारा. तीन मुख्य शक्यता आहेत. पहिला हृदयजंत, डायरोफिलेरिया इमिटिस. हा हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत राहतो, मादी वीतभर किंवा त्याहून लांब, पाच-सात वर्षं जगते. कुत्रा खोकतो, धावताना दमतो, शेवटी पोटात पाणी होतं. आपल्या देशात तो मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. दुसरा त्याचाच भाऊ, डायरोफिलेरिया रेपेन्स. हा कातडीखाली राहतो, कुत्र्याला खाज, केस गळणं, एखादी गाठ, किंवा काहीच नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खाली केरळपर्यंत हाच जास्त भेटतो. तिसरा पिसू आणि उवांमधून येणारा, कुत्र्याला जवळजवळ काही न करणारा. तो मुंबईतल्या कुत्र्यांतही सापडलेला आहे. सूक्ष्मदर्शकाखाली या तिघांची पिल्लं जाडी, डोक्याचा आकार आणि शेपटीचा बाक यांवरून ओळखता येतात. त्यासाठी 1 मिलिलिटर रक्त 2 टक्के फॉर्मालिनच्या साधारण 10 मिलिलिटर द्रावात मिसळून फिरवतात आणि खाली बसलेला गाळ निळ्या रंगात बघतात. तालुक्याच्या ठिकाणी हे होऊ शकतं, यंत्र महाग नाही, फक्त कोणीतरी वेळ द्यायला हवा. बाजारात मिळणारी झटपट पट्टी हृदयजंताच्या प्रौढ मादीसाठी असते. ती कोरी आली म्हणून रेपेन्स नाही असं ठरत नाही.

तुमच्या मुलीबद्दल. कुत्र्याने चाटलं, त्याच्यासोबत खेळली, त्याच्या अंगावर झोपली, यातून हा जंत तिला होऊ शकत नाही. मध्ये डास हवा, आणि तो दोन आठवडे जगलेला हवा. रेपेन्सची अळी डासातून माणसाला होते हे खरं आहे. केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावर माणसाच्या डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखालून असा एखादा जंत काढल्याच्या नोंदी बऱ्याच आहेत. पण माणूस त्याला मानवत नाही. सहसा एकटाच जंत, तोही पिल्लं न सोडता, कातडीखाली गाठ होऊन किंवा डोळ्यात सरकताना दिसतो, आणि डोळ्यांचे डॉक्टर छोट्या शस्त्रक्रियेने तो काढतात. माणसापासून तो पुढे कोणाला होत नाही. घरात कोणाच्या डोळ्यात काही सरकल्यासारखं वाटलं, किंवा पापणीत जागा बदलणारी गाठ आली, तर डॉक्टरांना "आमच्या कुत्र्याच्या रक्तात जंत होते" एवढं वाक्य नक्की सांगा. त्या एका वाक्याने निदान सोपं होतं.

आणि कुत्रा सोडून आलात तर काय होईल? तो पाच गावांतल्या डासांना जंताची पिल्लं पुरवत हिंडेल, आणि त्याला औषध द्यायला कोणी नसेल. तुमच्या दारात बांधलेला, औषध चालू असलेला कुत्रा तुमच्या मुलीसाठी जास्त सुरक्षित आहे. त्याला ठेवा.

पण त्याला गुरांचं इंजेक्शन देऊ नका. ही चूक इतकी होते की हिशेबच मांडून दाखवते. गुरांचं आयव्हरमेक्टिन 1 टक्का असतं, म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम. गुरांना किलोमागे 200 मायक्रोग्रॅम लागतं. कुत्र्यात हृदयजंत टाळण्याची महिन्याची मात्रा किलोमागे 6 मायक्रोग्रॅम, म्हणजे तेहेतीस पटीने कमी. 15 किलोच्या कुत्र्याला ते 90 मायक्रोग्रॅम होतं, त्या बाटलीतलं 0.009 मिलिलिटर. कोणत्याच सिरिंजवर एवढी रेघ नसते. अंदाजाने टोचलेलं औषध दहा-वीस पट होतं. गावठी कुत्री बहुधा निभावून नेतात, पण कोली आणि मेंढपाळ जातीच्या काही कुत्र्यांत औषधाला मेंदूत जाऊ न देणारी भिंतच कच्ची असते, औषध सरळ मेंदूत जातं, आणि कुत्रा झटके येऊन बेशुद्ध पडतो. शिवाय रक्तात पिल्लांची गर्दी असताना ती एकदम मेली तर साध्या कुत्र्यालाही तोल जाऊन पडण्याइतका धक्का बसू शकतो. म्हणून क्रम असा: आधी रक्तातल्या जंताची जात ओळखणं, मग डॉक्टरांच्या नजरेखाली पहिली मात्रा, आणि पुढे दर महिन्याला कुत्र्यासाठी बनवलेली गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध, बारा महिने. आपल्याकडे "डासांचा हंगाम" म्हणून सुट्टी देता येत नाही.

गुरांतही आयव्हरमेक्टिन उठसूट देऊ नये, याला दोन कारणं आहेत. ते चरबीत मुरतं आणि दुधातून बरेच दिवस उतरतं, म्हणून दुभत्या गाईला द्यायच्या आधी बाटलीवरची सूचना वाचा आणि डॉक्टरांना विचारा. मुलगी तेच दूध पिते. दुसरं कारण मला अधिक लागतं. हे औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणात वाढणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या मारतं. शेणाचे गोळे करून जमिनीत पुरणारे ते काळे भुंगे आठवा, लहानपणी आपण त्यांच्यामागे बसून राहायचो. शेण ते पुरतात, म्हणून त्यात माश्या वाढत नाहीत. सारखं औषध टोचून भुंगे संपवले, तर शेण माशीला मोकळं राहतं, आणि वशिंडाचा जंत परत येतो.

आता गोठा. तुमच्या ओढ्याला दोष देऊ नका, वाहत्या पाण्यात डास फारसे होत नाहीत. सेटारिया पसरवणारा एक मोठा काळसर डास, आर्मिजेरिस, घाणेरड्या साचलेल्या पाण्यात वाढतो. गोठ्यामागचा मुताचा खड्डा, उघडी शौचकूपाची टाकी, आणि हल्ली जीवामृताची उघडी पिंपं. सेंद्रिय शेती करणारे माझे कितीतरी शेतकरी मित्र पिंप उघडं ठेवतात आणि त्यात हजारो अळ्या वळवळत असतात. पिंपावर जुन्या धोतराचं दुपदरी फडकं दोरीने आवळा, हवा जाते, डास जात नाही. शौचकूपाच्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधा. मुताचा खड्डा आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा, म्हणजे अळीचा डास व्हायच्या आत पाणी जातं. अंगणातल्या करवंट्या पालथ्या घाला, चिरेखाणीत पाणी साचलं असेल तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा. शेण रोज उचलून गोबरगॅसमध्ये घाला किंवा खड्ड्यात टाकून वर पालापाचोळा आणि माती पसरा. आठ-दहा दिवस उघडं पडलेलं शेण म्हणजे माश्यांची एक अख्खी पिढी.

धुराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. संध्याकाळी नारळाच्या सोडणांचा धूर केल्याने डास तेवढ्यापुरते हटतात, हे खरं. आर्मिजेरिस कातरवेळीच जास्त चावतो, त्यामुळे तो अर्धा-पाऊण तास धूर उपयोगी पडतो. पण दारं-खिडक्या लावून रात्रभर कोंडलेला धूर वासरांची फुप्फुसं खराब करतो. पुढे पंखा लावता आला तर तो जास्त चांगला, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही.

कुत्र्याचं रक्त परत तपासायला नेणार असाल तर संध्याकाळी काळोख पडायच्या सुमारास काढून घ्या. डासातून येणाऱ्या जंतांची बरीच पिल्लं दिवसा आतल्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि डास चावायच्या वेळेला कातडीजवळच्या रक्तात येतात. सकाळी दहाला काढलेल्या थेंबात ती दिसली नाहीत, आणि रात्री काढलेल्या थेंबात डझनभर सापडली, असं अनेकदा झालं आहे.